टायमिंग चेन गाइड

टायमिंग चेन गाइड हा अंतर्ज्वलन इंजिनातील टायमिंग साखळीला तिच्या ठरावीक मार्गावर ठेवणारा भाग आहे. वाहनदुरुस्तीच्या व्यवहारात त्याला नुसते 'गाइड' किंवा 'चेनची पट्टी' असेही म्हणतात. धातूच्या पाठीवर नायलॉनसारख्या कठीण प्लास्टिकचा थर बसवून, किंवा संपूर्ण प्लास्टिकमध्ये, ही लांबट पट्टी तयार केलेली असते. आकाराने लहान व किमतीने स्वस्त असलेला हा भाग झिजून तुटला, तर साखळी सैल होऊन आपटू लागते आणि इंजिनाची मोठी हानी होऊ शकते. मालवाहू पिकअप गाड्यांच्या चेन-चलित इंजिनांत झिजलेले गाइड वेळेवर बदलणे हे देखभालीतील एक महत्त्वाचे काम मानले जाते.

रचना आणि कार्य

चार फेऱ्यांच्या इंजिनात दट्ट्याच्या वरखाली हालचालीमुळे क्रँकशाफ्ट म्हणजेच भुजादंड फिरतो. झडपा उघडण्याचे व मिटण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. म्हणून कॅमशाफ्टवरील दातेरी चाकाला क्रँकशाफ्टवरील चाकाच्या दुप्पट दाते असतात. हे दोन्ही दंड दातेरी चक्रांनी, रबरी पट्ट्याने किंवा साखळीने जोडता येतात. साखळीच्या प्रकारात वापरली जाणारी बुश-रोलर साखळी हान्स रेनॉल्ड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने १८८० साली इंग्लंडमध्ये पेटंट केली. सायकलीची साखळी त्याच कुळातील आहे.

साखळीची एक बाजू नेहमी ताणलेली असते, कारण क्रँकशाफ्ट तिच्याद्वारे कॅमशाफ्टला ओढत असतो. दुसरी बाजू सैल असते. सैल बाजूवर टेन्शनर बसवलेला असतो. बहुतेक इंजिनांत टेन्शनरचा दांडा तेलाच्या दाबाने पुढे सरकतो आणि साखळीतील ढिलाई काढून घेतो. ताणलेल्या बाजूला स्थिर गाइड असतो. तो साखळीला ओढत नाही, तर तिची थरथर आवरतो. गाइडवर तेलाचा पातळ थर असतो तोपर्यंत झीज अत्यंत मंद असते.

झिजेची कारणे

गाइडची झीज प्रामुख्याने चार कारणांनी होते.

पहिले कारण तेलाचे. तेल जुने झाले की त्यात काजळी, आम्ल आणि धुळीचे कण वाढतात. असे तेल वंगणाऐवजी घासकागदासारखे वागते.

दुसरे कारण उष्णतेचे. गरम तेलात वर्षानुवर्षे राहिलेले प्लास्टिक लवचिकपणा गमावते, ठिसूळ होते आणि धक्क्याने तडकते.

तिसरे कारण साखळीच्या लांबण्याचे. साखळीचे लोखंड ताणले जात नाही. तिच्या प्रत्येक सांध्यातील पिन व बुश किंचित झिजतात आणि अशा अनेक सांध्यांची झीज एकत्र होऊन साखळी लांब होते. टेन्शनरची धाव संपली की उरलेली ढिलाई गाइडवर आपटते.

चौथे कारण थंड इंजिन सुरू करतानाचे. रात्रभर उभ्या गाडीतील टेन्शनरमधून तेल ओघळून जाते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर तेलाचा दाब तयार होईपर्यंतचे काही क्षण साखळी मोकळी असते आणि त्या क्षणांतील आघात गाइड सोसतो.

टोयोटाच्या २२-आर इंजिनाचे उदाहरण

या दोषाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे टोयोटाच्या पिकअप गाड्यांतील २२-आर व इंधन-अंतःक्षेपणाचे २२-आर-ई ही इंजिने. २,३६६ घन सेंटीमीटर क्षमतेची ही चार सिलिंडरची पेट्रोल इंजिने १९८१ पासून तयार झाली आणि त्यांच्या टिकाऊपणाबद्दल जगभर नावाजली गेली. सुरुवातीच्या २२-आर इंजिनात दुहेरी साखळी होती. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तिच्या जागी एकेरी साखळी आणि प्लास्टिकचे गाइड आले. त्यानंतर या इंजिनांत एक ठरावीक बिघाड आढळू लागला. गाडीच्या डाव्या अंगाचा, म्हणजे ताणलेल्या बाजूचा गाइड तुटतो. मोकळी झालेली साखळी ॲल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरला घासून त्यात खाच पाडते. त्या भिंतीच्या पलीकडे कूलंटचा मार्ग असल्याने भिंत भेदली की कूलंट तेलात उतरतो. तेलाचे वंगणगुण त्यामुळे नष्ट होतात आणि बेअरिंगे निकामी होतात. म्हणजे एका पट्टीच्या तुटण्याचा शेवट संपूर्ण इंजिन उघडण्यात होतो. या अनुभवामुळे पोलादी पाठ असलेले गाइड पर्याय म्हणून बाजारात आले.

गोंदिया जिल्ह्यातील वापराची परिस्थिती

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धान हे येथील प्रमुख पीक असून गोंदिया शहर भातगिरण्यांसाठी ओळखले जाते. शेतातून खरेदी केंद्रावर, केंद्रावरून गिरणीवर आणि गावातून आठवडी बाजारात माल नेण्यासाठी पिकअप गाड्यांचा उपयोग होतो. जिल्ह्याला मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांच्या सीमा लागून आहेत.

अशा वापरात किलोमीटरचा आकडा इंजिनाच्या झिजेची खरी कल्पना देत नाही. धानाच्या हंगामात गाडी रांगेत इंजिन सुरू ठेवून उभी राहिली, तर ८०० फेरे प्रति मिनिट या मंद गतीनेही तासाभरात क्रँकशाफ्टचे ४८,००० फेरे होतात आणि साखळी तेवढा काळ गाइडवरून घासत राहते. ओडोमीटरवर मात्र एक किलोमीटरही चढत नाही. मंद गतीला तेलाचा दाबही कमी असतो. मळणीच्या काळातील धूळ व कोंडा एअर फिल्टरवर साचतो. फिल्टर फाटका किंवा नीट न बसवलेला असेल, तर बारीक धूळ इंजिनात शिरून अखेर तेलात मिसळते. म्हणून हंगामी माल वाहणाऱ्या गाडीचे तेल केवळ किलोमीटरवर नव्हे, तर इंजिन चाललेल्या तासांवर आणि महिन्यांवरही बदलणे योग्य ठरते.

भारतातील सर्व पिकअप गाड्यांत टायमिंग साखळी नसते. काहींत दातेरी चक्रे, तर काहींत रबरी पट्टा असतो. आपल्या गाडीत कोणती रचना आहे, हे निर्मात्याच्या दुरुस्ती पुस्तिकेतून आधी पाहून घ्यावे लागते. दातेरी चक्रांच्या इंजिनात चेन गाइडचा प्रश्नच उद्भवत नाही.

लक्षणे

- सकाळी इंजिन सुरू करताच पुढच्या बाजूने काही सेकंद खडखड ऐकू येणे. आवाज गरम इंजिनातही टिकून राहिल्यास बिघाड पुढे गेलेला असतो.
- तेल बदलताना निचऱ्यात तपकिरी किंवा काळे प्लास्टिकचे तुकडे आढळणे. हे तुकडे ऑइल चेंबरमधील जाळीवर अडकले, तर तेलाचा दाब घटतो.
- तेल दुधाळ होणे आणि कूलंटची पातळी बाहेर गळती नसताना कमी होणे.
- गाडीची ओढ कमी होणे, इंजिन अडखळणे किंवा सुरू होण्यास वेळ लागणे.

दुधाळ तेल दिसले की दोष हेड गॅसकेटचा आहे, असा समज सर्रास होतो. हेड गॅसकेट फुटल्यास बहुधा ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरून रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. टायमिंग कव्हरला भोक पडले असेल, तर असे बुडबुडे दिसत नाहीत. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह कव्हर काढून विजेरीच्या प्रकाशात गाइडचे वरचे टोक पाहता येते, तेथे ही तपासणी आधी करावी. अन्यथा हेड उघडण्याचा खर्च व्यर्थ जाण्याची शक्यता असते.

बदलण्याची प्रक्रिया

तपशील इंजिनागणिक बदलतात; परंतु कामाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची ऋण तार काढावी. गाडी उचलायची असल्यास केवळ जॅकवर विसंबून न राहता भक्कम स्टँडचा आधार द्यावा.

२. कूलंट आणि तेल वेगवेगळ्या भांड्यांत काढावे. रेडिएटर, पंखा, बेल्ट आणि टायमिंग कव्हरच्या आड येणारे इतर भाग उतरवावेत.

३. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबफेरीच्या शेवटी सर्वोच्च बिंदूवर आणावा. दट्ट्या वर असणे पुरेसे नाही, कारण निष्कासफेरीच्या शेवटीही तो वरच असतो. त्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असल्याची खात्री करावी.

४. क्रँकपुली आणि टायमिंग कव्हर काढावे. कव्हरचे बोल्ट निरनिराळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवल्यास परत बसवताना गोंधळ होत नाही. २२-आर इंजिनात हेडच्या पुढच्या टोकाला तेलाखाली झाकलेला एक बोल्ट कव्हरमध्ये उतरतो. तो न काढता कव्हरवर जोर दिल्यास कव्हर तडकते.

५. टेन्शनर, साखळी, दातेरी चाके व गाइड काढून तपासावेत. कव्हरच्या आतील बाजूस साखळीने पाडलेली खाच असल्यास तिची खोली पाहावी. खाच कूलंटच्या मार्गापर्यंत पोहोचली असेल, तर कव्हर बदलणे आवश्यक असते.

६. तुटलेल्या गाइडचे सर्व तुकडे जुळवून पाहावेत. एखादा तुकडा सापडत नसेल, तर तो ऑइल चेंबरमध्ये पडलेला असतो. अशा वेळी चेंबर उतरवून जाळी स्वच्छ करावी.

७. नवे गाइड बसवून बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या बलानेच टॉर्क पान्याने आवळावेत. साखळीवरील रंगीत कड्या चाकांवरील खुणांशी जुळवाव्यात.

८. टेन्शनर तेलाने भिजवून बसवावा व त्याची अटकावाची पिन काढावी. त्यानंतर पान्याने क्रँकशाफ्टला त्याच्या नेहमीच्या दिशेने हातानेच पूर्ण दोन फेरे द्यावेत. कोठे अडल्यास जोर न लावता जुळणी पुन्हा तपासावी.

दोन फेऱ्यांनंतर चाकांवरील खुणा मूळ जागी येतात. साखळीवरील रंगीत कड्या मात्र येत नाहीत. साखळीच्या कड्यांची संख्या आणि चाकांचे दाते यांमुळे त्या अनेक फेऱ्यांनंतरच पुन्हा जुळतात. नवशिके याला चूक समजून योग्य जुळणी मोडतात. उलट एका दात्याची खरी चूकही लहान नसते. क्रँकशाफ्टच्या चाकाला १८ दाते असतील, तर एक दाता म्हणजे २० अंशांचा फरक होतो. काही इंजिनांत अशा किंवा याहून मोठ्या फरकाने दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो.

९. कव्हर, पुली व इतर भाग बसवून नवे तेल, नवा फिल्टर आणि कूलंट भरावे. इंजिन पेटू न देता स्टार्टरने काही वेळ फिरवून तेलाचा दाब निर्माण होऊ द्यावा. आधी तेलात कूलंट मिसळले असेल, तर थोडे अंतर चालवून तेल व फिल्टर पुन्हा बदलावे.

केवळ गाइड की संपूर्ण संच

गाइडची किंमत कमी आणि ते गाठण्याचे श्रम अधिक, असा हा व्यवहार आहे. जुनी लांबलेली साखळी तशीच ठेवून नवे गाइड बसवल्यास टेन्शनर आधीच धावेच्या शेवटी असतो आणि नव्या गाइडवर तोच आघात सुरू होतो. झिजून आकड्यासारख्या झालेल्या दात्यांवर नवी साखळी टाकल्यास तीही लवकर झिजते. म्हणून साखळी, दोन्ही चाके, टेन्शनर, गाइड आणि क्रँकशाफ्टचे पुढचे ऑइल सील हा संच एकत्र बदलण्याची शिफारस केली जाते. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्या चालकाला हा खर्च जड वाटणे स्वाभाविक आहे. पण हंगामाआधी हे काम केल्यास गाडी ठरलेल्या काळासाठी उभी राहते. हंगामात साखळी तुटल्यास माल वाटेत अडकतो, भाडे बुडते आणि दुरुस्तीचा खर्चही अनेक पटींनी वाढतो.

पर्यावरणविषयक खबरदारी

वापरलेले इंजिन तेल भारतात २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येते. कूलंटमधील एथिलिन ग्लायकॉल हे चवीला गोड पण विषारी रसायन असते. ते उघड्यावर सांडल्यास जनावरे चाटण्याचा धोका असतो. गोंदिया हा तलावांचा जिल्हा आहे. येथील माजी मालगुजारी तलाव व बोड्या सिंचनासाठी, मासेमारीसाठी आणि गुरांच्या पाण्यासाठी वापरल्या जातात. त्यामुळे गॅरेजमधील तेल व कूलंट नालीत किंवा मातीत न सोडता झाकणाच्या डब्यांत वेगवेगळे साठवावेत आणि जुने तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे सोपवावे.