गाडी नवी, हात जुने

मराठी घरात मोटार शिकवण्याचे काम आजही बरेचसे घरातच होते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच सोडायला शिकवतात आणि परवाना हातात येतो. खरी गाडी मात्र वडील, काका किंवा थोरला भाऊ शेजारच्या सीटवर बसून शिकवतात. त्या शिकवणीत काही वाक्ये हमखास येतात. 'उतार लागला की न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं.' 'ब्रेक एकदम दाबून धरू नकोस, पंप कर.' 'सकाळी पाच मिनिटं इंजिन गरम होऊ दे.' 'उन्हाळ्यात टायरमध्ये हवा जरा कमीच बरी.' 'ऑइल जाड घाल, इंजिनला मानवतं.'

ही वाक्ये कोणी पुस्तकात वाचलेली नसतात. ती एका पिढीच्या तोंडून दुसऱ्या पिढीच्या हातापायांत उतरतात. त्यांचे मूळ शोधू लागलो, की यातली बरीचशी एके काळी बरोबर होती असे दिसते. ज्या यंत्रासाठी ती होती ते यंत्र रस्त्यावरून गेले आणि वाक्ये मागे राहिली. त्यांतली काही निरुपद्रवी आहेत, काही खिशाला चाट लावणारी, तर दोन-तीन थेट जिवाशी खेळणारी. कोणती कुठली, हे पाहायचे तर आधी त्या जुन्या यंत्राकडे वळले पाहिजे.

आपल्याला शिकवणाऱ्या गाड्या

स्वातंत्र्यानंतर जवळजवळ चार दशके भारतातल्या मोटारवाल्यांपुढे फारसा पर्याय नव्हता. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याहून हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर येई. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट येई. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँड गिअर, ड्रम ब्रेक, ट्यूबचे टायर आणि कार्ब्युरेटर. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. ती हलकी आणि चपळ होती, पण सुरुवातीची बरीच वर्षे तिच्यातही कार्ब्युरेटरच होता.

कार्ब्युरेटर हे साधे, अक्कलहुशारी नसलेले यंत्र. इंजिन हवा ओढते, त्या हवेच्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोल खेचले जाते आणि दोन्हींचे मिश्रण सिलिंडरमध्ये जाते. इंजिन थंड आहे की गरम, गाडी चढावर आहे की उतारावर, हे त्याला कळत नाही. ते कळून घेण्याचे काम चालकाचे. म्हणून चोक ओढणे, रेस देणे, कानाने इंजिन ऐकणे ही सगळी कसबे जन्माला आली. प्रदूषणाचे नियम २०००पासून कडक होत गेले तसा कार्ब्युरेटर मोटारींतून हद्दपार झाला. त्याची जागा इंजेक्टर, सेन्सर आणि त्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या छोट्या संगणकाने घेतली. १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज-६ लागू झाल्यावर तर पेट्रोलच्या थेंबाथेंबाचा हिशेब हा संगणकच ठेवतो. जे चालकाने ओळखायचे होते ते आता गाडी ओळखते, आणि चालकाच्या सवयी मात्र गाडीला काही कळत नाही हे गृहीत धरूनच चालू आहेत.

न्यूट्रलचा हिशेब

उतारावर न्यूट्रल करण्याची सवय यातली सर्वांत चिवट. कार्ब्युरेटरच्या गाडीत तिला आधार होता. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरली तर चाके इंजिनाला जोरात फिरवतात. अॅक्सिलरेटर सोडलेला असला तरी वेगाने फिरणारे इंजिन आयडल जेटमधून पेट्रोल ओढत राहते. न्यूट्रल केले तर इंजिन आपल्या संथ गतीवर येते आणि पेट्रोल कमी लागते. म्हणजे बचत खरीच होती.

इंजेक्शनच्या गाडीत हे उलटे झाले. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अॅक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन ठरावीक गतीच्या वर फिरते आहे, एवढे दिसताच संगणक इंजेक्टर बंद करतो. इंजिनाला चाकेच फिरवत असल्यामुळे त्याला पेट्रोलची गरज उरत नाही. खर्च शून्य. याउलट न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल द्यावेच लागते. लहान मोटार नुसती उभी राहून ताशी अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे वीस मिनिटांच्या घाटात न्यूट्रलवाला जे पेट्रोल 'वाचवतो', ते प्रत्यक्षात पाव लिटरच्या आसपास जाळतो. अगदी सौम्य, लांबलचक उतारावर न्यूट्रलमधली गाडी दूरवर घरंगळते आणि थोडा फायदा होऊ शकतो. पण घाटात तो मुद्दा उरत नाही. तिथे गाडी पुढे ढकलण्याची नाही, आवरण्याची चिंता असते.

बावीस लिटर उकळते पाणी

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली साधारण ६० मीटरवर. म्हणजे बोरघाटात साडेपाचशे मीटरची उतरण. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,३०० किलो मानले, तर एवढे खाली येताना सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. घरातल्या भाषेत सांगायचे तर एवढ्या उष्णतेत बावीसेक लिटर साध्या पाण्याला उकळी फुटेल. यातला काही भाग वाऱ्याचा विरोध आणि टायरचे घर्षण खाऊन टाकतात. उरलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन घेते. अॅक्सिलरेटर सोडल्याने हवेचा मार्ग जवळपास बंद असतो, त्यामुळे पिस्टनला हवा ओढताना जोर लावावा लागतो आणि तो जोर चाकांकडून येतो. गाडी आपोआप रोखली जाते आणि तयार होणारी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. न्यूट्रलमध्ये हा वाटेकरीच नाहीसा होतो. मग सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर, म्हणजे काही किलो लोखंडावर आणि हाताच्या पंजाएवढ्या ब्रेक पॅडवर येतो.

तापलेल्या ब्रेकचे दोन प्रकारे बिघडते. एक म्हणजे पॅडची पकड कमी होते. पाय तितकाच दाबला तरी गाडी तितकी थांबत नाही आणि करपट वास येऊ लागतो. दुसरा प्रकार जास्त घातक. पायाचा दाब चाकापर्यंत पोचवणारे ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेते. डॉट-३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मात्र ही मर्यादा १४० अंशांवर येते. कोकणातल्या तीन-चार पावसाळ्यांत न बदललेले ऑइल तापलेल्या चाकापाशी उकळले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल सरळ तळाला जाते आणि चाकाला काहीच कळत नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात, आणि सर्व्हिसिंगच्या बिलात खर्च कमी करायचा म्हणून नेमकी हीच ओळ खोडली जाते.

न्यूट्रलच्या पुढची पायरी म्हणजे उतारावर चावीच बंद करणे. यात ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. ती थांबली की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत मदत मिळते, नंतर पेडल दगडासारखे होते. स्टिअरिंगही जड होते. मालट्रकमध्ये ब्रेकसाठी लागणारी दाबाची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, तोच थांबतो. नोव्हेंबर २०२२मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने उतारावर पुढची अनेक वाहने चिरडत नेली, तेव्हा इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याची बाब पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आली होती.

थरथरले तरी पाय काढू नका

'ब्रेक पंप कर' हाही त्याच काळाचा धडा. ब्रेक करकचून दाबला तर चाके जागच्या जागी अडकत, गाडी घसरे आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नसे. म्हणून दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. हेच काम आता एबीएस करते, आणि तेही सेकंदात अनेकदा. भारतात नव्या मॉडेलच्या मोटारींना एप्रिल २०१८पासून आणि सर्वच नव्या मोटारींना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचे आहे.

एबीएसच्या गाडीत आणीबाणीच्या क्षणी पेडल पूर्ण दाबायचे, दाबूनच ठेवायचे आणि अडथळा चुकवत स्टिअरिंग फिरवायचे. या वेळी पायाखाली पेडल थरथरते, खडखड आवाज होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो काहीतरी मोडले असे समजून नेमका तेव्हाच पाय उचलतो. पंप करणाराही तेच करतो. थांबण्याचे अंतर उगाच वाढते. रिकाम्या, सरळ रस्त्यावर मागेपुढे कोणी नाही हे पाहून ताशी ३०-४०च्या वेगात हा ब्रेक एकदा मुद्दाम दाबून पाहावा. ती थरथर आधी अनुभवलेली असली म्हणजे खऱ्या प्रसंगी पाय डगमगत नाही.

पाच मिनिटे, ऑइल आणि पाणी

सकाळी इंजिन गरम करण्याची सवय चोकच्या दिवसांतली. थंड धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नसे. इंजिन तापेपर्यंत गाडी आचके देई. आता संगणक तापमान मोजून मिश्रण ठरवतो. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न देता शांतपणे चालवावे. उभ्या गाडीत इंजिन उलट हळू तापते, आणि तोवर जास्तीचे पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहते.

जाड ऑइलचेही तसेच. जुन्या इंजिनांत भागांमधली फट मोठी, झीजही लवकर होई. २०डब्ल्यू-४०सारखे जाड ऑइल ती फट भरून काढी. आजच्या इंजिनांतल्या वाटा बारीक आहेत. ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेले असताना जाड ऑइल घातले, तर सुरू करतानाच्या पहिल्या क्षणांत ते वरपर्यंत उशिरा पोचते, आणि इंजिनाची मोठी झीज नेमकी त्याच क्षणांत होते.

घाटमाथ्यावर बोनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतणारे प्रवासी हे एके काळचे नेहमीचे दृश्य होते. आजची यंत्रणा बंदिस्त आणि दाबाखाली असते. गरम असताना झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. शिवाय बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने अॅल्युमिनियमचे भाग खराब होतात. तिथे कूलंटच हवे.

हवेचे गणित

सर्वांत जास्त गैरसमज टायरभोवती आहेत. 'ऊन वाढलं की हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून आधीच कमी ठेवा' हे ऐकायला तर्कशुद्ध वाटते. पण चालत्या टायरला मुख्यतः तापवते ती त्याची स्वतःची दुमड. प्रत्येक फेऱ्यात टायरचा खालचा भाग दबतो आणि पुन्हा सुटतो. हवा कमी तितके दबणे जास्त, दबणे जास्त तितकी उष्णता जास्त. गावातल्या ताशी ४०च्या वेगात ही उष्णता निघून जाते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग मात्र ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्यावर मोटारींना ताशी १२०पर्यंत परवानगी आहे. तिथे तासन्‌तास न थांबता कमी हवेवर धावणारा टायर आतून शिजत जातो आणि एका क्षणी फाटतो. प्रवासात तापल्यावर हवेचा दाब चार-पाच अंकांनी चढतो, तो कंपनीने हिशेबात धरलेलाच असतो. म्हणून गरम टायरमधली हवा सोडू नये. दाब मोजायचा तो थंड टायरमध्ये, चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी त्या तक्त्यात बहुधा वेगळा, जास्तीचा आकडा असतो. लाथ मारून हवा जोखण्याची पद्धतही जुन्या टायरची. आजच्या रेडिअल टायरची बाजू मुळातच थोडी फुगीर दिसते, त्यामुळे डोळा फसतो.

टायरचे वयही पाहावे. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचा टायर दिसायला कोरा असतो, पण रबर वयाबरोबर कडक होतेच.

विसरलेला धडा

याचा अर्थ जुने चालक चुकीचे होते असा नाही. उलट घाटाबद्दल त्यांचे दोन नियम होते. एक न्यूट्रलचा, पैसे वाचवणारा. दुसरा असा: ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ड्रम ब्रेकच्या गाड्या चालवणाऱ्यांनी तो अनुभवाने घडवला होता आणि तो आजही जसाच्या तसा लागू आहे. आपण पहिला नियम जपला आणि दुसरा विसरलो.

ऑटोमॅटिक गाडीत हाच नियम 'एल', 'एस' किंवा मॅन्युअल मोडमध्ये पाळता येतो. 'डी'मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर घाट उतरणे म्हणजे न्यूट्रलचाच धाकटा भाऊ. विजेच्या गाडीत मोटर उलटी चालून बॅटरी भरते आणि गाडी रोखली जाते. मात्र घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून निघालात तर ऊर्जा साठवायला जागा उरत नाही आणि ही रोख कमी होते. लोणावळ्यात चार्जिंग करणाऱ्याने थोडी जागा ठेवून निघावे.

दिवाळीच्या सुटीत हजारो गाड्या एकाच दिवशी कोकणाकडे आणि गावाकडे निघतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी स्टेपनीसह पाचही टायरचा दाब, ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ती तारीख, कूलंटची पातळी आणि डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा एवढे पाहायला अर्धा तास पुरतो. गाडीच्या पुढच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढलेले एक पुस्तक असते. त्या गाडीला काय हवे ते त्यात लिहिलेले असते. शेजारच्या सीटवर बसून पुढच्या पिढीला शिकवण्याआधी निदान ते एकदा उघडावे.