बाजारबुणगे
पलटणीच्या मागे : लेखांक ६

कारगिलच्या तोफांवरचा गेल्या आठवड्याचा लेख प्रसिद्ध झाला, त्या संध्याकाळी सातारा जिल्ह्यातून एक फोन आला. पलीकडे लष्करातून नायक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, आता मीही तेच म्हणतो. लेख आवडला म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, ‘‘साहेब, अडीच लाख गोळे डागले असं तुम्ही लिहिलंत. ते वर गेले कसे, तेवढं नाही लिहिलंत.’’

तात्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. १९९९ च्या उन्हाळ्यात झोजिला ओलांडून द्रासकडे जाणाऱ्या ताफ्यांमध्ये त्यांचा ट्रक असे. तोलोलिंग शिखर शत्रूच्या हातात होतं तोवर खालचा महामार्ग त्याला तळहातासारखा दिसत होता. म्हणून ताफे रात्री निघायचे, समोरचे दिवे बंद ठेवून. लष्कराच्या ट्रकला मागच्या बाजूला, दोन चाकांच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलवर पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर एक मिणमिणता दिवा सोडलेला असतो. मागच्या ड्रायव्हरने तेवढ्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत गाडी हाकायची. ‘‘ठिपका सरकला की समजायचं, वळण आलं. ठिपका दिसेनासा झाला की काय समजायचं, ते तुम्हीच समजा,’’ तात्या म्हणाले. त्यांच्या मागे हौद्यात बोफोर्सचे गोळे असत, एकेक चाळीस-पंचेचाळीस किलोंचा.

हा माणूस गावी परतला, तेव्हा पारावर त्याला विचारलं गेलं, ‘‘तात्या, लढलात का नुसतीच गाडी चालवलीत?’’ पंचवीस वर्षांनंतरही तो प्रश्न त्यांना शब्दन् शब्द पाठ आहे. आजचा ठरलेला विषय मी त्यामुळेच पुढे ढकलला आहे.

मराठीत या प्रश्नाची मुळं एका शब्दात आहेत. ‘बाजारबुणगे’ हा शब्द आपण निवडणुकीच्या सभेत, वर्तमानपत्राच्या अग्रलेखात, भांडणात सर्रास शिवीसारखा वापरतो. बुणगे म्हणजे मुळात लष्कराबरोबर चालणारं सामानसुमान आणि न लढणारी माणसं. वाणी, नालबंद, बेलदार, भिस्ती, माहूत, शिकलगार. पानिपतच्या मोहिमेत त्यांच्यात यात्रेकरू आणि कुटुंबकबिलेही मिसळले होते आणि त्या ओझ्यानं फौज जड झाली, हे खरंच आहे. पण आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं. तीर्थस्नानाला निघालेला यात्रेकरू आणि रात्रभर जागून घोड्यांना नाल ठोकणारा, दोघेही बुणगेच ठरले.

त्याच मोहिमेतली दुसरी गोष्ट आपण कमी सांगतो. अंतर्वेदीतून सदाशिवरावभाऊंच्या फौजेला रसद आणि पैसा पोचवण्याची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. डिसेंबर १७६० मध्ये शत्रूच्या अचानक हल्ल्यात ते मारले गेले. त्यानंतर छावणीत धान्य येणं जवळजवळ थांबलं आणि १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जी फौज मैदानात उतरली, ती उपाशी होती. पानिपतच्या पराभवाची कारणं पुष्कळ आहेत, पण धान्य हे त्यातलं पहिलं आहे असं मी मानतो. उलट, असईच्या लढाईत १८०३ साली शिंदे-भोसल्यांना हरवणारा इंग्रज सेनापती वेलस्ली बघा. त्याच्या पत्रांत तलवारींपेक्षा बैलांची आणि धान्य वाहणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांची चिंता जास्त सापडते. त्याला ठाऊक होतं की तांडा मागे राहिला तर पलटणही थांबणार.

इंग्रजांनीही या माणसांना मान दिला असं मात्र नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून भरती झालेल्यांपैकी साडेपाच लाखांहून अधिक माणसं ‘फॉलोअर’ म्हणून नोंदली गेली : खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, पाणके, झाडूवाले, रस्ते खोदणारे. मेसोपोटेमियाच्या उन्हात ती शिपायांइतकीच होरपळली. पगार कमी, रेशन कमी, आणि ‘शिपाई’ हे नाव नाहीच.

आजच्या भारतीय सेनेत भाषा बदलली आहे. पायदळ, रणगाडे, यांत्रिकी पायदळ हे लढाऊ विभाग. तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स हे त्यांना साथ देणारे. आणि सर्व्हिस कोअर, ऑर्डनन्स, वाहनं आणि शस्त्रं दुरुस्त करणारे ईएमई, वैद्यकीय कोअर या झाल्या सेवा. कामाची विभागणी म्हणून हे ठीकच आहे. पण लष्करी चर्चेत लढणाऱ्यांना ‘दात’ आणि बाकीच्यांना ‘शेपूट’ म्हणण्याची रीत आहे आणि ती आपण इंग्रजीतून जशीच्या तशी उचलली. पुण्याचे लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या समितीनं शेपूट आटोपशीर करण्याच्या शिफारशी केल्या. २०१७ साली सरकारनं त्यातल्या ६५ स्वीकारल्या. त्यातून सुमारे ५७ हजार जणांच्या पुनर्नेमणुका ठरल्या, लष्कराच्या दुग्धशाळा बंद झाल्या. दूध बाजारातून घेता येतं, तेव्हा त्यात चूक काही नाही. अनावश्यक काम कमी करावंच. पण जे काम आवश्यक आहे, ते करणाऱ्याला शेपूट म्हणू नये.

शौर्याची मोजदाद पाहिली की हे जास्त बोचतं. आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं. त्यात पायदळाचे १७, रणगाडा दलाचे दोन, हवाई दलाचा एक आणि इंजिनिअर्सचा एक. सेवा विभागांतून एकही नाही. पदकाच्या निकषांना मी दोष देत नाही, शत्रूसमोरचं शौर्य हाच त्याचा निकष आहे. पण त्या एकमेव इंजिनिअरची हकिगत नीट वाचली, तर शत्रूसमोर कोण असतं याबद्दलची आपली समजूत बदलते.

रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडियाचे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले, मग अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या तुकडीपुढचा रस्ता मोकळा करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. रस्त्यात सुरुंग पेरलेले, मोठी झाडं तोडून आडवी टाकलेली, वरच्या टेकड्यांवरून उखळी तोफांचा आणि मशीनगनचा मारा. पहिल्याच दिवशी त्यांच्या तुकडीतले दोघे मारले गेले, पाच जखमी झाले. जखमींमध्ये राणे स्वतः होते. मागे जायला त्यांनी नकार दिला. पुढे गोळीबारात उघड्यावर काम करणं अशक्य झालं, तेव्हा ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. रणगाडा इंचाइंचानं पुढे सरकतोय, त्याच्या खाली हा माणूस जमिनीला चिकटून हातानं सुरुंग शोधतोय आणि आतल्या चालकाशी बोलायला दोन दोऱ्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. तीन दिवस जवळजवळ न झोपता हे चाललं आणि रणगाडे राजौरीपर्यंत पोचले.

हे काम रस्ता दुरुस्तीचं होतं. पुणेकरांपैकी किती जणांना राणे ठाऊक आहेत? त्यांचं निधन पुण्यातच, १९९४ साली झालं.

गणवेशातल्या माणसांच्या बाबतीत संस्था म्हणून सेना निदान हिशेब ठेवते. कॅप्टन केंगुरुसे हा नागालँडचा तरुण सर्व्हिस कोअरचा अधिकारी. पायदळाबरोबर कारगिलमध्ये होता, बर्फाळ कड्यावर पाय घसरू नये म्हणून बूट काढून चढला आणि मरणोत्तर महावीर चक्राचा मानकरी झाला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कॅप्टन अंशुमन सिंग जुलै २०२३ मध्ये सियाचिनच्या आगीत इतरांना वाचवताना गेले, त्यांना कीर्ती चक्र मिळालं. बढत्यांबाबत मात्र कुरबुरी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. २००९ च्या धोरणानं कर्नलपदाच्या जागा पायदळ-तोफखान्याकडे झुकल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१६ साली न्यायालयानं धोरण कायम ठेवलं, पण साहाय्यक विभागांसाठी आणखी १४१ जागा द्यायला सांगितलं. त्या वादात मी शिरत नाही. त्यात पदाचा प्रश्न आहे, पोटाचा नाही.

पोटाचा प्रश्न गणवेशाच्या बाहेर सुरू होतो. अडीच लाख गोळ्यांचं मूळ शोधत मागे गेलात, तर तुम्ही महाराष्ट्रातच येऊन पोचता : खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, भद्रावती, पुलगाव. वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव इथलं केंद्रीय दारूगोळा भांडार देशातलं सर्वांत मोठं. ३१ मे २०१६ ला मध्यरात्र उलटल्यावर तिथल्या एका कोठारात रणगाडाविरोधी सुरुंगांनी पेट घेतला. आग विझवायला जे धावले, त्यांतले दीड डझनाहून अधिक जण स्फोटात गेले. त्यात दोन अधिकारी होते. बाकीचे बहुतेक भांडाराच्या अग्निशमन दलाचे कर्मचारी आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान होते. या कोअरमध्ये मुख्यतः एकदा निवृत्त होऊन पुन्हा रुजू झालेले माजी सैनिक असतात. म्हणजे एक नोकरी देशासाठी करून झाली होती, ही दुसरी होती.

अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी, पुलगावजवळच सोनेगावच्या मैदानात मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी आणला होता. पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांतला एक जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा कर्मचारी, बाकीचे आजूबाजूच्या गावांतले कंत्राटी मजूर. दारूगोळ्याचं आयुष्य त्यांच्या हातात संपत होतं आणि त्यांच्या हजेरीची नोंद कंत्राटदाराच्या वहीत होती. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोटानं छत कोसळून निदान आठ कामगार गेले.

खडकीला आमच्या वाड्यात एक काका दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. ही फॅक्टरी १८६९ ची, त्यांच्या घरात तिसरी पिढी तिथे लागली होती. सकाळचा भोंगा झाला की काका खिशातली काडेपेटी घरच्या कोनाड्यात ठेवून निघायचे. विडी ओढणारा माणूस, पण आठ तास विडी नाही. डेंजर एरियात जाताना कपडे बदलायचे, दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. काकू ती काडेपेटी दिवसभर कोनाड्यातून हलवू द्यायच्या नाहीत. काका संध्याकाळी परत येऊन ती उचलायचे, तेव्हाच काकू चुलीवर चहा ठेवायच्या. लहानपणी मला हा नुसता शिरस्ता वाटायचा.

आणि सीमेवरचे रस्ते? सीमा रस्ते संघटना १९६० ची. तिचे हजारो रोजंदारी मजूर, त्यांतले पुष्कळ झारखंडचे, लडाख-अरुणाचलच्या उंचीवर बर्फ उपसतात, दरडी फोडतात. त्यांच्यापैकी कुणी तिथे मेला, तर पार्थिव सरकारी खर्चानं गावी पाठवण्याची सोय सेनेच्या आणि संघटनेच्या कायम माणसांना होती, या मजुरांना नव्हती. अंत्यसंस्कारासाठी एक हजार रुपये मिळत. बहुतेकांच्या घरच्यांना शेवटचं तोंडही बघता यायचं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ती सोय मजुरांनाही लागू केली आणि हजाराचे दहा हजार केले. जानेवारी २०२४ मध्ये दहा लाखांचा समूह विमा आला. ही चांगली बातमी आहे, ती मी मनापासून नोंदवतो. पण १९६० ते २०२३ यांत त्रेसष्ट वर्षं जातात.

काश्मीरच्या सीमेवर चौक्यांपर्यंत पाणी, रॉकेल, दारूगोळा पाठीवर नेणाऱ्या हमालांची कथा याच जातीची. काही महिन्यांची नेमणूक, मधे खंड, पुन्हा नेमणूक, अशी वर्षानुवर्षं. तोफेचा गोळा कायम आणि हंगामी बघून पडत नाही. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यासाठी पगार, उपचार, काम सुटताना द्यायची रक्कम आणि कायम करणं यांची योजना आखायला सरकारला सांगितलं. सांगावं लागलं.

तेव्हा पलटणीच्या मागे राबणाऱ्या या माणसांना योग्य तो मान मिळतो का, या प्रश्नावर माझं उत्तर स्पष्ट आहे. गणवेशातल्यांना सेना देते, समाज देत नाही. गणवेशाबाहेरच्यांना दोघेही देत नाहीत. आणि मान म्हणजे मी सलाम धरत नाही. मजुराच्या बाबतीत मान म्हणजे विमा, दवाखाना, वारसाच्या हातात वेळेवर पैसे आणि दगडावर कोरलेलं नाव.

त्यातलं शेवटचं काम आपण स्वतः करू शकतो. तुमच्या घरात, गल्लीत, गावात कुणी डेपोत, आयुध निर्माणीत, लष्करी दवाखान्यात, सीमेवरच्या रस्त्यावर काम केलं असेल, हयात असो वा नसो, तर त्यांचं नाव, गाव, काम आणि साल एका पोस्टकार्डावर लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. येत्या २६ जुलैला गावात कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम असेल, तर व्यासपीठावर एक खुर्ची त्यांनाही ठेवा. तात्यांच्या गावच्या शाळेनं यंदा ठेवायचं कबूल केलं आहे.