स्वयंपाकघरातील अपूर्णांक

प्राथमिक शाळेत गणित शिकताना मुले हमखास अडखळतात ती अपूर्णांकांपाशी. गणना मुलांना घरीदारी अवगत झालेली असते. परंतु १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता, असे विचारले की अनेक मुले चटकन १/४ असे उत्तर देतात. चार हा तिनापेक्षा मोठा, हा त्यांचा हिशेब. फळ्यावर पुनःपुन्हा सांगूनही ही समजूत सहजी जात नाही. तीच भाकरी एकदा तिघांत आणि एकदा चौघांत वाटली, तर मात्र आपला वाटा केव्हा मोठा होता, हे सांगण्यास मुलांना क्षणाचाही विलंब लागत नाही. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हा अपूर्णांकाचा पहिला धडा होय.

भाषेत आणि मापांत दडलेले गणित

या अध्यापनास अनुकूल असे मोठे भांडवल मराठी भाषेत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द शाळेत येण्यापूर्वीच मुलांच्या कानांवर पडलेले असतात. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी व दिडकी पाठ करून घेत, ते याच व्यवहारासाठी.

धान्याची जुनी मापेही याच धर्तीची. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे आणि दोन मापट्यांचा शेर. म्हणजेच मापटे अर्धा शेर, चिपटे पाव शेर, कोळवे १/८ व निळवे १/१६ शेर. १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि व्यापारातून ही मापे गेली. तथापि, एखाद्या घरी ती जपून ठेवलेली असल्यास शिक्षकांनी अवश्य वर्गात आणावीत. चार चिपटी ओतल्यावर शेर काठोकाठ भरतो, हे पाहिलेल्या मुलास चार पाव म्हणजे एक हे निराळे शिकवावे लागत नाही. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानी येते, ती ही की अर्ध्याअर्ध्याने उतरणाऱ्या या मापांतून शेराचा नेमका तिसरा हिस्सा काही मिळत नाही.

वाटी, तराजू आणि दशांश चिन्ह

एक वाटी तांदळास दोन वाट्या पाणी लागत असेल, तर पाऊण वाटी तांदळास दीड वाटी पाणी लागेल. हा गुणाकार वाटीने मोजून पडताळता येतो. तीच वाटी एकदा तांदळाने व एकदा पोह्यांनी भरून तराजूत ठेवली, की पोहे हलके भरतात. आकारमान आणि वजन या दोन निरनिराळ्या राशी आहेत, हे त्यातून उमगते.

वजनकाट्यावर ०.७५० हा आकडा दिसला की तो पाऊण किलो, म्हणजे ७५० ग्रॅम, हे मुलांकडून वदवून घ्यावे. १.५ किलो म्हणजे एक किलो पाच ग्रॅम नव्हे, तर दीड किलो, आणि १.०५ म्हणजे एक किलो पन्नास ग्रॅम. दुकानात याच ठिकाणी फसगत होण्याचा संभव असतो.

शालेय पोषण आहार : एक जिवंत उदाहरण

शाळेतील मध्यान्ह भोजन हे तर गणिताचे तयार साधनच होय. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, असे प्रमाण ठरलेले आहे. पटावर ४० मुले असल्यास ४ किलो धान्य, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी व २०० ग्रॅम तेल लागते. एखाद्या दिवशी ३० मुले उपस्थित राहिली, तर प्रत्येक जिन्नस पाऊणपट घ्यावयाचा : ३ किलो, ६०० ग्रॅम, दीड किलो व १५० ग्रॅम. हा तक्ता मुलांनी रोज फळ्यावर मांडावा. त्यात गणिताचा सराव तर होतोच. शिवाय आपल्या ताटातील हक्काचा वाटा किती, हेही मुलांना कळते. डाळीच्या मापात प्रत्येकी पाच ग्रॅमची तूट पडली, तर मुलाच्या वाट्याची पाव डाळ गेली, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

सर्वच गोष्टी मात्र या प्रमाणात वाढत नाहीत. तांदूळ दुप्पट घेतले म्हणून भात शिजण्यास दुप्पट वेळ लागत नाही. प्रमाणाचा नियम कोठे लागू पडतो आणि कोठे नाही, याचा विचार करण्यास मुलांना येथे वाव मिळतो.

घ्यावयाची दक्षता

मुलांना चुलीजवळ जाऊ देऊ नये किंवा स्वयंपाकाचे काम त्यांच्यावर सोपवू नये. मोजमापाच्या सरावासाठी पाणी अथवा वाळू वापरावी. योजनेच्या धान्यास हात लावू नये. प्रत्यक्ष कृती करावयाची असल्यास सरबत, कोशिंबीर किंवा भेळ असे विस्तवाविना होणारे पदार्थ निवडावेत. मुलगे व मुली यांनी हे काम सारखेच करावे.

या उपक्रमास वेगळ्या अनुदानाची आवश्यकता नाही. एक तराजू, काही वाट्या आणि लिटरचे एक माप एवढे साहित्य शाळा व्यवस्थापन समितीस सहज पुरविता येईल. पंचायत सदस्यांनी शाळेस भेट देताना आहाराची नोंदवही पाहावी; तिच्यासोबत फळ्यावरचा मुलांचा तक्ताही पाहावा आणि दोन्ही आकडे जुळतात का, हे मुलांनाच विचारावे.