सामासिक शब्दांचे अवयवविभाजन

सामासिक शब्दांचे अवयवविभाजन म्हणजे दोन वा अधिक पदे मिळून झालेला शब्द उच्चारात ज्या तुकड्यांत पडतो, ते तुकडे वेगळे करून दाखविणे.

मराठीत लिहिलेली अक्षरे आणि उच्चारातील अवयव यांची संख्या नेहमी सारखी नसते. कल्याण व उल्हासनगर यांच्या दरम्यानच्या विठ्ठलवाडी या रेल्वे स्थानकाचे नाव 5 अक्षरांत लिहिले जाते. बोलताना मात्र 'विठ्-ठल्-वा-डी' असे 4 अवयवच ऐकू येतात. 'विठ्ठल' या पदाच्या अंती असलेला 'अ' समासातही उच्चारला जात नाही, त्यामुळे दोन पदांचा सांधा 'ल्'नंतर स्पष्ट कळतो. 'नगरसेवक' (न-गर्-से-वक्) या शब्दातही तसेच घडते. संधी झाली की ही खूण पुसली जाते. 'नगराध्यक्ष' या शब्दात दोन्ही पदे 'रा' या एकाच अक्षरात मिसळतात; तेथे समासाचा विग्रह आणि उच्चाराचे विभाजन एकच समजणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक होय. अभंगात अक्षरे मोजताना 'विठ्ठल' हा शब्द 3 अक्षरांचाच धरतात, आणि गाताना तो लुप्त 'अ' पुष्कळदा परतही येतो.

आघात

मराठीत आघाताचे स्थान बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत तो बदलू शकतो. 'ब्लॅकबर्ड' या जोडशब्दात आघात 'ब्लॅक'वर पडतो आणि ते एका विशिष्ट पक्ष्याचे नाव ठरते. 'ब्लॅक बर्ड' असे दोन शब्द उच्चारताना 'बर्ड' अधिक ठळक होतो व अर्थ कोणताही काळा पक्षी एवढाच उरतो. इंग्रजी सामासिक नामांत आघात बहुधा पहिल्या पदावर असतो, मात्र 'ॲपल पाय'सारखे अपवादही आहेत. मराठी भाषक दोन्ही पदांना जवळजवळ सारखेच वजन देतो, त्यामुळे हा भेद त्याच्या उच्चारातून निसटतो.