आटणे, वाळणे, उकळणे : अवस्थांतराची मराठी क्रियापदे

पदार्थाच्या घन, द्रव आणि वायू या तीन अवस्था सर्वपरिचित आहेत. घनरूप पदार्थाचे रेणू ठरलेल्या जागी कंप पावत राहतात. द्रवाचे रेणू परस्परांना न सोडता जागा बदलतात, तर वायूचे रेणू जवळजवळ मुक्तपणे संचार करतात. उष्णता दिल्याने किंवा काढून घेतल्याने रेणू बदलत नाहीत, त्यांचे परस्परसंबंध बदलतात. अवस्थांतर ते हेच. पाठ्यपुस्तकांत हे विवेचन आढळते. परंतु हीच स्थित्यंतरे बोलणारा समाज कोणत्या शब्दांनी ओळखतो, याचा विचार क्वचितच होतो. हळदीचे पीक आणि हळदीची बाजारपेठ यांसाठी प्रसिद्ध असलेला हिंगोली जिल्हा या विचारासाठी विशेष सोयीचा आहे.

प्रथम नामांकडे पाहू. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण उर्दूतून दिले जाई. उर्दू परिभाषेत बाष्पीभवनास ‘तब्खीर’, उत्कलनबिंदूस ‘नुक्ता-ए-जोश’ आणि गोठणबिंदूस ‘नुक्ता-ए-इंजिमाद’ म्हणतात. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मराठी शाळांतून ‘बाष्पीभवन’, ‘संघनन’, ‘संप्लवन’ ही संस्कृतोद्भव नामे रूढ झाली. राज्य बदलले तशी विद्येची नामेही बदलली. उकळणे, आटणे, वाळणे, सुकणे, थिजणे, गोठणे, वितळणे ही घराशेतातील क्रियापदे मात्र जशीच्या तशी राहिली.

या क्रियापदांची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. दूध आटते. कापड वाळते, फूल सुकते. शास्त्राच्या दृष्टीने या तिन्ही ठिकाणी मुख्यतः एकच घडते : पाण्याचे रेणू द्रव सोडून हवेत जातात. शास्त्र त्यास बाष्पीभवन म्हणते, कारण त्याचे लक्ष निघून जाणाऱ्या पाण्यावर असते. बोलीचे लक्ष मागे काय राहिले यावर असते. द्रव उणावला तर ‘आटणे’, घन वस्तूतील ओल गेली तर ‘वाळणे’, आणि ओलीबरोबर टवटवीही गेली तर ‘सुकणे’. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या दोन दिशा होत. त्यांतील कोणतीही चुकीची नाही.

हळदीच्या प्रक्रियेत या दोन्ही दिशा एकत्र येतात. काढणीनंतर हळद शिजवतात. येथे बोली अचूक भेद करते : पाणी उकळते, हळद शिजते. उकळणे हे अवस्थांतर आहे. पाण्याच्या बाष्पाचा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला की पृष्ठभागावरच नव्हे, तर पाण्याच्या अंतरंगातही वाफेचे बुडबुडे बनतात. हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी १०० अंशांऐवजी साधारणतः साडेअठ्ठ्याण्णव अंश सेल्सिअसला उकळते. शिजण्यात मात्र कंदातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची मूळ घडण मोडते. हा बदल थंड केल्याने परत फिरत नाही.

पूर्वी हळद मोठ्या कढईत पाणी घालून शिजवीत. पुढे बाष्पकाचा वापर वाढला. त्यामागील तत्त्व अवस्थांतराचेच आहे. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, आणि तापमान मात्र तेच राहते. ही गुप्त उष्णता वाफेबरोबर वाहत जाते. थंड कंदावर वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती सर्व कंदास मिळते. भाताच्या झाकणाला पाणी सुटते तेव्हा घडते ते हेच. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा अधिक दाहक असतो, त्याचेही कारण हेच.

शिजलेली हळद त्यानंतर सुमारे दहा ते पंधरा दिवस उन्हात वाळवतात. येथे उत्कलनबिंदूचा संबंध नसतो. बाष्पीभवन पृष्ठभागावरून कोणत्याही तापमानास चालते. ते हवा किती कोरडी आहे आणि वारा किती आहे यांवरही अवलंबून असते. म्हणूनच फाल्गुनातील कोरड्या हवेत जे साधते, ते श्रावणात साधत नाही. ओल्या हळदीच्या १०० किलोंपासून वाळलेली हळद साधारणतः २० किलोंच्या आसपास मिळते. हा उतारा म्हणजे निघून गेलेल्या पाण्याचा हिशेबच होय. ओल सुमारे १० टक्क्यांपर्यंत उतरली नाही तर साठवणीत बुरशी धरते आणि वर्षभराच्या कष्टांचे मोल घसरते. वरून वाळलेला कंद आतून ओला असू शकतो. यासाठी शेतकरी कंद मोडून पाहतो व मोडताना होणारा आवाज ऐकतो.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या नळ्यांत जवळजवळ संपूर्ण निर्वात राखावा लागतो. अशा नळ्यांतील हवा पंपाने काढली तरी पोलादाच्या अंतर्भागास चिकटलेले पाण्याचे रेणू हळूहळू सुटत राहतात. अमेरिकेतील अशाच वेधशाळांत नळ्या कित्येक दिवस तापवून हे पाणी घालवावे लागले. हळदीच्या खळ्यावर दहा टक्के ओल चालते; येथे रेणूंचा एक थरही अडचणीचा ठरतो. प्रमाण भिन्न, पण उष्णता देऊन रेणूस त्याच्या बंधातून सोडविण्याचे तत्त्व एकच.

यावरून परिभाषेविषयी एक निष्कर्ष निघतो. ‘बाष्पीभवन’ हा शब्द आवश्यक आहे, कारण आटणे, वाळणे आणि सुकणे यांतील ऐक्य तो दाखवतो. परंतु ही क्रियापदे बाजूस सारून तो शिकविला, तर मुलास व्याख्या पाठ होते. खळ्यावर आपल्या डोळ्यांसमोर तेच घडत आहे, हे मात्र त्यास उमगत नाही. परिचित क्रियापदांतील भेद आधी स्पष्ट करावेत आणि मग त्यांना जोडणारे नाम द्यावे, हा क्रम अधिक फलदायी होय.