मेहेरबान साहेबांचे सेवेशी

सरकारी कचेरीत अर्ज करायचा म्हणजे पूर्वी त्याचा मायना ठरलेला असे. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' अशी सुरुवात, मध्ये आपली अडचण व साहेबांचा मोठेपणा, आणि शेवटी 'कृपा व्हावी' ही प्रार्थना! माझ्या वडिलांना हा मायना तोंडपाठ होता. माझी पुतणी मात्र सरळ लिहिते, 'पुढील माहिती मिळावी.' कृपेचे नावही नाही!

हा फरक झाला कसा? साहेब मंडळींना एके दिवशी आपोआप सुबुद्धी झाली, असे कुणी सांगू लागले तर वाचकहो, विश्वास ठेवू नका.

राजस्थानात दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांच्या हाती पुरी मजुरी पडत नसे. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपट पाहायला मागितले, तर म्हणे ते कागद गुप्त! खडी फोडणाऱ्याची हजेरी गुप्त असते, हे त्या बिचाऱ्यांना तेव्हाच कळले. १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या झाल्या. १९९६ साली ब्यावर गावी त्यांनी चाळीस दिवस धरणे धरले. आपल्याकडे अण्णा हजारे यांनी हाच प्रश्न लावून धरला, आणि २००२ मध्ये राज्याचा कायदा आला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी अमलात आला. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत! विनाकारण टाळाटाळ केली तर दिवसाला अडीचशे रुपये दंड, तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. माझ्या मते या कायद्याची सारी जादू या शेवटच्या कलमात आहे.

बाजाराचीही हीच कथा. पूर्वी डब्यावर किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' असे छापलेले असे, आणि ते कर किती हे दुकानदारच जाणे! १९९० पासून सर्व करांसह कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. त्यामागे ग्राहक चळवळीचा रेटा होता. १९७५ साली निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याचे सामान घेऊ लागली. एकटी गृहिणी घासाघीस करते. दहा घरे एकत्र आली की व्यापारी ऐकू लागतो.

आता विद्यापीठे. उत्तरपत्रिका म्हणजे पूर्वी तिजोरीतला दागिना! परीक्षा होऊन गेली की तिचे दर्शन नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. पुतणीने एका विषयाची प्रत मागवली. गुण एकही वाढला नाही. पण कुठे चुकले ते तिला दिसले, आणि 'मुद्दाम नापास केले' हा घरातला घोष थांबला. दाखवण्याने संस्थेची अब्रू जात नाही, उलट राहते, हे विद्यापीठांनाही आता उमजू लागले असावे.

मात्र मिळालेला हक्क कायमचा खिशात पडला, अशा भ्रमात कुणी राहू नये. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात माहिती अधिकाराच्याही एका कलमाला कात्री लावली आहे. संस्था बदलतात त्या मागणाऱ्यामुळे. मागणारा गप्प बसला की त्या पुन्हा पूर्वपदावर येतात. म्हणून माझी एकच सूचना: घरातल्या मुलामुलींना फराळाचे जिन्नस शिकवाल, तसा या सुट्टीत एक साधा, मुद्देसूद अर्जही लिहायला शिकवा.