सातशे, पण काय?

गणिताच्या उत्तरात नुसता आकडा लिहिला आणि एकक राहिले, तर गुरुजी विचारतात, "सातशे काय? आंबे की केळी?" वहीत अशा चुकीने फार तर एखादा गुण जातो. विमानात ती किती महाग पडू शकते, ते आज पाहू.

उतरणारे विमान धावपट्टीकडे साधारण ३ अंशांच्या उताराने येते. म्हणजे एक सागरी मैल (सुमारे १.८५ किलोमीटर) पुढे जाताना ते सुमारे ३१८ फूट खाली येते. त्याचा वेग ताशी १३२ सागरी मैल असेल, तर मिनिटाला ते २.२ सागरी मैल जाते. गुणाकार करून पाहा. ते मिनिटाला सुमारे ७०० फूट उतरते!

वैमानिकासमोर फिरवायची काही गोल बटणे असतात. प्रत्येकाच्या वर छोट्या खिडकीत आकडा दिसतो. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात यांपैकी दोन बटणे शेजारी शेजारी आहेत. एकाने 'कोणत्या उंचीपर्यंत जायचे' ते ठरते. दुसऱ्याने 'मिनिटाला किती फूट उतरायचे' ते ठरते. दोन्हींत ७०० हा आकडा लावता येतो. पण पहिल्यात त्याचा अर्थ होतो, समुद्रसपाटीपासून ७०० फूट उंचीपर्यंत उतर.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे असे एक नवे विमान मुंबईहून बंगळूरला निघाले. दुपारची वेळ होती. धावपट्टी समोर दिसत होती, म्हणून वैमानिक डोळ्यांनी पाहतच विमान उतरवत होते. मिनिटाला ७०० फूट या गतीने उतरण्याचे त्यांच्यात बोलणेही झाले होते. पण इंजिने मंद चालीवर गेली आणि तशीच राहिली. उतारावर आपण सायकलचे पायडल मारणे थांबवतो, तसेच हे झाले.

असे का झाले, हे चौकशी न्यायालयाला निश्चित सांगता आले नाही. परंतु एक शक्यता पुढे आली. ७०० हा आकडा शेजारच्या, म्हणजे उंचीच्या बटणावर लावला गेला असावा. बंगळूरचे ते विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फूट उंचीवर आहे. म्हणजे यंत्राला धावपट्टीच्याही २,२०० फूट खाली, जमिनीच्या पोटात जायला सांगितले गेले! यंत्राने इंजिने मंद केली. 'सातशे काय?' असे ते विचारत नाही.

विमान फार खाली जाऊ नये म्हणून नाक वर ठेवले गेले. पण इंजिने मंद असताना नाक वर ठेवले की वेग घटतो. तो ताशी १३२ वरून १०६ सागरी मैलांपर्यंत घसरला. दोन्ही वैमानिकांसमोरचे मार्गदर्शक बंद केले असते, तर इंजिनांनी आपोआप वेग सांभाळला असता. त्यांतला एक चालूच राहिला. ४००, ३००, २०० फूट अशा सूचनाही ऐकू आल्या, तरी इंजिनांचा जोर वेळेवर वाढवला गेला नाही. मंद झालेल्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढा अवधी उरला नव्हता. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ जणांपैकी ९२ जण मरण पावले.

पुढे २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ, ढगाळ रात्री, याच जातीचे विमान डोंगरावर आदळून ८७ जण मरण पावले. तेथेही आकड्याच्या अर्थाचा घोटाळा झाला असावा. ३.३ अंशांचा उतार हवा होता. यंत्राने मात्र मिनिटाला ३,३०० फूट असा अर्थ घेतला. खिडकीत ३,३०० ऐवजी नुसते ३३ दिसत असे. नंतर तेथे चारही अंक दाखवण्याची सोय झाली.

म्हणून वैमानिकांना शिकवतात की बटण फिरवल्यावर तेवढ्यावर थांबू नका. यंत्राने कोणते काम स्वीकारले आहे, ते समोरच्या पडद्यावर वाचून मोठ्याने सांगा आणि सोबत्याने ते पडताळावे. धावपट्टी डोळ्यांसमोर असली तरी एकाची नजर वेगावर हवीच. ठरलेल्या उंचीपर्यंत वेग व उतार स्थिर झाला नाही, तर उतरण्याचा बेत सोडून पुन्हा वर जायचे.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. ३ अंशांच्या उतारावर वेग ताशी १४० सागरी मैल असेल, तर उतरण्याची गती किती? उत्तराला एकक लावायला विसरू नका!